दोन इंचांचा हिशोब

गेले तीन आठवडे रिलीजच्या नावाखाली शनिवार-रविवार ऑफिसात गेले, त्यामुळे इथे काही लिहिलं नाही. अर्थात हे अर्धंच खरं आहे. ही पोस्ट गेलं वर्षभर ड्राफ्टमध्ये पडून होती. लिहायला घेतली की दोन परिच्छेदांनंतर थांबायचो, कारण तिसऱ्या परिच्छेदात माझी स्वतःची चूक यायची. आज एकदाचं लिहून टाकतो.

विषय आहे गाडी 'लिफ्ट' करण्याचा. म्हणजे थार, जिप्सी, जिमनी, गुरखा असली कुठलीतरी फोर बाय फोर घ्यायची, स्प्रिंगा बदलून तिची बॉडी दोनेक इंच उचलायची, खाली भलेमोठे टायर घालायचे आणि मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्याकडे मान वाकडी करून बघत राहायचं. हसू नका, मीही तासन् तास बघितलंय. दुसऱ्याच्या गाडीकडे का होईना :)

दुसऱ्याची म्हणजे दादाची. दादा आमच्या टीममधला सीनियर, वयाने सहा-सात वर्षांनी मोठा, म्हणून ग्रुपमध्ये सगळे त्याला दादाच म्हणतात. त्याच्याकडे २०२१ ची थार आहे. डिझेल, हार्ड टॉप, अठरा इंची चाकं. मेकॅनिकलची डिग्री घेऊन जावा लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला अशी गाडी शेजारच्या डेस्कवर मिळाली की काय होतं हे सांगायला नको. दादाने सहज विचारलं, "लिफ्ट करावी का रे?" आणि मी दोन दिवसांत एक्सेल शीट करून दिली. त्यात चार किट होती, तीन टायरची मापं होती, किमती होत्या आणि शेवटी एक कॉलम होता: 'ग्राउंड क्लिअरन्स, अधिक दोन इंच'.

तो कॉलम चुकीचा होता.

कसा, ते आधी सांगतो, कारण अजूनही दर दुसरा माणूस हीच चूक करतो. थारच्या मागच्या दोन चाकांमध्ये एक अखंड, कडक ॲक्सल आहे. त्याच्या मध्यावर डिफरन्शियलचा गोल डबा. अमेरिकन लोक त्याला भोपळा म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. दगडांच्या वाटेवर गाडीचा सगळ्यात आधी घासणारा टणक भाग बहुतेकदा हाच. आता स्प्रिंग असते ॲक्सलच्या वर आणि बॉडी असते स्प्रिंगच्या वर. तुम्ही स्प्रिंग दोन इंचांनी लांब केलीत तर बॉडी वर जाते. ॲक्सल कुठे जातो? कुठेही नाही. तो चाकांना बांधलेला आहे, चाकं जमिनीवर आहेत. भोपळा होता तिथेच. कंपनी २२६ मिलिमीटर सांगते, तर लिफ्टनंतरही त्या जागी तुमच्याकडे तेवढेच आहेत. शून्य वाढ.

भोपळा उचलायचा तर टायर मोठा हवा, आणि त्यातही फायदा निम्माच, कारण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो. दादाच्या गाडीला मूळ टायर २५५/६५ आर १८. गुणाकार केला की व्यास येतो सुमारे ७८९ मिलिमीटर. लोक हौसेने सतरा इंची रिम घेऊन २६५/७० चे टायर घालतात, त्याचा व्यास ८०३. फरक १४ मिलिमीटर, भोपळा वर गेला ७. सात मिलिमीटर! नवी रिम, नवे टायर एवढं सगळं करून करंगळीच्या जाडीपेक्षा कमी. आम्ही त्याहून मोठे, २८५/७० आर १७ घातले, ज्यांना सगळे 'तेहतीस इंची' म्हणतात. व्यास ८३१. भोपळा वर गेला २१ मिलिमीटर. आणि हे टायर बॉडीला घासू नयेत म्हणून लिफ्ट. सगळे मिळून दोन लाख चाळीस हजार. म्हणजे एका मिलिमीटरला अकरा हजार चारशे रुपये पडले. सोनं नाही का स्वस्त पडलं असतं?

(भोपळा खरोखर उचलायचा असेल तर त्याला पोर्टल ॲक्सल हे उत्तर आहे. मर्सिडीजच्या युनिमॉगमध्ये ते असतं. चाकापाशी गिअरची पेटी बसवून ॲक्सलच चाकाच्या मध्याच्या वर नेलेला असतो. फार सुंदर इंजिनिअरिंग आहे, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन. पण ते आपल्या गॅरेजातलं काम नव्हे.)

लिफ्टने काहीच मिळत नाही असं मी म्हणत नाहीये. बॉडी उचलल्यावर पोट उचललं जातं. चढाच्या टोकावर गाडी मधोमध टेकते, पुढची चाकं हवेत आणि मागची हवेत, कासव पालथं पडल्यासारखी, ते कमी होतं. थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, त्यावर ५० मिलिमीटर उचललं तर हा मधला कोन साधारण चारेक अंशांनी सुधारतो. चढाला समोरून भिडतानाचा कोनही सुधारतो, पण थारचा तो मुळातच चाळीस अंशांच्या वर आहे. पुण्याच्या आसपास तुम्ही तेवढ्या चढावर कितीदा नाक लावता, सांगा? २०२४ साली आलेल्या पाच दारांच्या रॉक्सचा व्हीलबेस २८५० आहे, तिला पोट टेकण्याचा त्रास जास्त, तिथे लिफ्टची बाजू मी थोडी तरी ऐकून घेईन. तीन दारांच्या थारसाठी नाही.

आता तो तिसरा परिच्छेद.

ऑगस्ट २०२३. मुळशीच्या पुढे एका ओळखीच्या माणसाची जागा आहे, उताराची, खाली भातखाचरं, त्याच्या परवानगीने आम्ही तिथे जायचो. त्या दिवशी दोन गाड्या होत्या. दादा चालवत होता, शेजारी डावीकडे वहिनी. मी खाली उतरून हाताने इशारे करत होतो. ओल्या गवताचा आडवा उतार होता, डावीकडे खोल. डावी चाकं चिखलाच्या चाकोरीत रुतत होती, म्हणून मी ओरडलो, "दादा, उजवी बाजू बांधावर घे!" बांध दगडी, साधारण पाऊण फूट उंच, फार तर दहा इंच. दादाने घेतली. दोन्ही उजवी चाकं बांधावर चढली, गाडी एक क्षण तशीच थांबली, आणि मग अगदी सावकाश, एखादं कपाट कलंडावं तशी, डाव्या कुशीवर गेली.

वेग म्हणाल तर माणूस चालतो त्याहून कमी. काच फुटल्याचा आवाज, मग इंजिनची घरघर, मग ती बंद. वहिनींचं गळपट्टीचं हाड मोडलं. दादा सीट बेल्टला लटकत होता आणि वहिनींवर पडू नये म्हणून हाताने छताचा बार धरून होता. त्याला बाहेर काढेपर्यंत मी किती वेळा "सॉरी" म्हणालो ते मला आठवत नाही, वहिनींना आठवतं. अकरा वेळा म्हणे.

इंजिनिअरला अपराधी वाटायला लागलं की तो गणित करतो. मीही त्या रात्री केलं. गाडी कधी कलंडेल याचा पहिला अंदाज घ्यायला एक साधं गुणोत्तर आहे: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. अमेरिकेची एनएचटीएसए ही संस्था २००१ च्या मॉडेल्सपासून गाड्यांच्या कलंडण्याच्या रेटिंगला हेच गुणोत्तर वापरत आलीय. चाकांमधलं अंतर दीड मीटर धरा. गुरुत्वमध्य मला मोजता येत नाही, पाऊण मीटर धरला. गुणोत्तर आलं एक, म्हणजे कागदावर ४५ अंशांना गाडी कलंडणार. लिफ्ट आणि टायर मिळून गुरुत्वमध्य साधारण ६५ मिलिमीटर वर गेला असं धरलं तर ४५ चे झाले साडेबेचाळीस. फक्त अडीच अंश गेले. मला वाटलं, हुश्श, म्हणजे माझ्या शीटमुळे नाही.

मग टपाचा हिशोब केला. लिफ्ट केल्यावर गाडी 'रिकामी' दिसते म्हणून आम्ही टपावर कॅरियर बसवला होता, त्यावर दुसरी स्टेपनी, जॅक, डिझेलचा कॅन. सगळे मिळून ६५ किलो. अठराशे किलोच्या गाडीत ६५ किलो म्हणजे काय, असं वाटतं. पण ते जमिनीपासून जवळजवळ दोन मीटरवर आहेत. गुरुत्वमध्य त्यांनी आणखी ४० मिलिमीटरने वर नेला. गेला अजून सव्वा अंश. आणि हे सगळं गाडी म्हणजे लाकडाचा ठोकळा आहे असं मानून. खरी गाडी स्प्रिंगांवर उभी असते, उतारावर खालच्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात, बॉडी अजून झुकते, खालची चाकं चिखलात अजून बसतात. कागदावरच्या ४५ मधले जमिनीवर किती उरतात देव जाणे.

आणि शेवटी बांधाचं गणित. दीड मीटर रुंदीच्या गाडीची एक बाजू पंचवीस सेंटिमीटरने उचलली तर गाडी तिरकी होते साडेनऊ अंशांनी.

म्हणजे लिफ्ट अडीच, टप सव्वा, आणि माझा इशारा साडेनऊ.

हा हिशोब मी दादाला दाखवला. तो म्हणाला, "सोड रे, मीच बघायला पाहिजे होतं." चांगला माणूस आहे. पण त्या संध्याकाळपासून माझं या विषयावर एक मत झालंय आणि ते अंशांचं नाहीये. आम्ही त्या उतारावर गेलोच का? २०२१ पासून त्या जागेवर मूळ गाडीने आम्ही पाच-सहा वेळा गेलो होतो आणि त्या उताराकडे बघून दरवेळी परत फिरलो होतो. लिफ्ट केल्यावर पहिल्याच खेपेला गेलो. भोपळा २१ मिलिमीटर वर गेला होता, आमची छाती फूटभर. गॅरेजवाले किट विकतात, पण आपण जे विकत घेतो ती हिंमत असते. आणि ती गाडीच्या क्षमतेपेक्षा नेहमीच जास्त मापाची येते.

बाकी रोजच्या वापरातले तोटे भराभर सांगतो. चाक मूळ चाकापेक्षा आठेक किलोने जड भरलं, आम्ही भंगारवाल्याच्या काट्यावर तोललं होतं. एवढं जड चाक फिरवायचं आणि थांबवायचं काम त्याच जुन्या इंजिनला आणि त्याच जुन्या ब्रेकला. ताम्हिणी घाट उतरताना पायाला फरक कळतो. व्यास पाच टक्क्यांनी वाढल्यामुळे स्पीडोमीटर शंभर दाखवतो तेव्हा चाक आधीपेक्षा पाच टक्के जास्त पळत असतं. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे बॉडी उचलली की चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे कायमचे वाकड्या कोनात फिरतात, रबरी बूट लवकर फाटतात, मग आत धूळ. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. आणि दादाची आई गाडीत चढणं बंद झाली, कारण गुडघे. स्टूल ठेवून बघितलं, पण स्टूल बाहेरच राहायचं :)

कायद्याचं मात्र नीट सांगतो, कारण तिथे आमचा सगळ्यात मोठा खड्डा पडला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं, त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. पाच हजार ऐकून आपण म्हणतो, ठीक आहे, भरू. आम्हीही तेच म्हणालो होतो. पण खरी गोष्ट दंडाची नाही, विम्याची आहे. गाडी टो करून आणल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. शांत, साठीचा गृहस्थ. त्याने फुटलेल्या काचेकडे बघितलंही नाही. खाली वाकला, स्प्रिंगवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कंपनीचं आहे का?" दादा काहीच बोलला नाही. क्लेम नाकारला गेला. तीन लाख साठ हजारांचं बिल, वहिनींच्या खांद्याचं ऑपरेशन वेगळं. ज्या गॅरेजने किट बसवलं त्याचं म्हणणं, तुम्ही आणून दिलं, आम्ही बसवलं. पावतीवर फक्त 'लेबर चार्जेस' लिहिलेलं.

आणि त्या दिवशी गाडी आमच्याऐवजी दुसऱ्या कुणावर पडली असती तर? ती बांधावर उभी असताना जागेच्या मालकाचा मुलगा खालच्या बाजूला फोनवर शूटिंग करत होता. आठ-दहा फुटांवर. हे मी आजपर्यंत दादालाही सांगितलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग गोव्यात २०१४ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमधल्या गाड्या? त्या तर डोक्याएवढ्या उंच असतात. असतात. त्यांना आतून पाइपांचा पिंजरा असतो, चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, आणि तिथे गाडी उलटणार हे गृहीत धरूनच सगळी तयारी असते. त्यावरून आपण वाकड ते हिंजवडी जायच्या गाडीची खरेदी ठरवू नये, एवढंच.

पैसे घालवायचेच असतील तर हवेवर घाला. गंमत नाही. थारच्या एका चाकावर साधारण ४४० किलो येतात. हवा ३२ असेल, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो, तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटर, एका पोस्टकार्डाहून थोडा मोठा. हवा १६ वर आणली की कागदावर तो दुप्पट होतो. टायरची भिंत कडक असल्याने खरी वाढ थोडी कमी, पण चिखलात जो फरक पडतो तो बघून मी पहिल्यांदा अक्षरशः शिवी दिली. आमच्या ग्रुपमधली एक मूळ उंचीची जिप्सी त्याच जागेवर, हवा काढून, ज्या खाचरातून निघाली तिथे लिफ्ट केलेली थार भरल्या हवेनिशी रुतून बसली होती. खर्च किती? एक चांगला दाबमापक, एक बारा व्होल्टचा पंप, चार-पाच हजारांत काम झालं. फक्त डांबरी रस्त्याला लागायच्या आधी हवा परत भरायची, आळस करायचा नाही. कमी हवेत वेगाने पळवलं तर टायर तापून फाटतो आणि रिमवरून निसटूही शकतो. शिवाय मूळ मापाचेच पण खडबडीत नक्षीचे टायर, एक चांगला ओढायचा पट्टा, तो अडकवायला नीट रेट केलेले हूक (टो बॉलला पट्टा अडकवू नका, तो तुटून आला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो), आणि एखाद्या जाणत्या माणसाबरोबर एक पूर्ण दिवस. चाक कुठे ठेवायचं हे शिकायला तेवढा लागतोच. भोपळा नेहमी मध्यावर नसतो, तो कुठे आहे ते एकदा गाडीखाली झोपून बघा. दगड भोपळ्याच्या रेषेत न घेता चाकाखाली घेतला की लिफ्टशिवायच दगडाएवढी उंची मिळते. फक्त आडव्या उतारावर नाही. हे मी कुणाला शिकवायच्या लायकीचा आहे का, हा प्रश्न रास्त आहे.

दादाने गाडी दुरुस्त करून मूळ स्प्रिंगा आणि मूळ टायर परत बसवून घेतले. लिफ्टचं किट माझ्या गॅलरीत आहे, कारण वहिनींनी ते त्यांच्या घरात ठेवायला नकार दिला. विकायला काढलं होतं, नव्वद हजारांना एकजण तयारही झाला. नवीनच थार घेतलेला पोरगा, माझ्याच कंपनीतला, पंचविशीचा. त्याने विचारलं, "सर, याने क्लिअरन्स किती वाढतो?" मी त्याला ही सगळी आकडेमोड सांगितली, शेवटी वहिनींच्या खांद्याचंही सांगितलं. तो म्हणाला बघतो, विचार करतो. परवा कँटीनमध्ये भेटला. दुसरीकडून नवीन घेतलंय म्हणे, तीन इंचांचं.

रविवारी त्याला मुळशीला घेऊन जाणार आहे. आधी हवा काढायला शिकवतो.